अधिक मासातला टॉल्स्टॉय, अर्थात वार्षिक लेखकनिवडीची मीमांसा

मीमांसाशास्त्रात प्रत्येक अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. आमच्या वाचक मंडळाच्या फाल्गुनातल्या बैठकीत यांतली पहिली चार मुबलक सापडतात. पाचवे चहानंतर घेऊ असे ठरते, आणि चहानंतर बदलापूर लोकल गाठणारे दोघे उठतात, त्यामुळे गणपूर्ती राहत नाही. गेली चौदा वर्षे हे असेच चालले आहे. तेव्हा हा प्रकार एकदा शास्त्रात बसवून टाकावा, या हेतूने प्रस्तुत लेखन.

विषय एवढाच, की येत्या गुढीपाडव्यापासून वर्षभर मंडळाने कोणते जागतिक लेखक वाचावेत. विषय क्षुद्र आहे असे कोणी म्हणेल. निरर्थक चर्चेला आपल्या पूर्वसूरींनी ‘काकदंतपरीक्षा’ असा शब्द करून ठेवला आहे. पण कावळ्याला दात नसतात हे सांगण्यापूर्वी कुणी तरी कावळ्याच्या तोंडात डोकावले असणारच. आम्ही स्वतःला त्या माणसाच्या परंपरेतले समजतो.

प्रथम ‘जागतिक’ या पदाचा अर्थ पाहू. विश्वसाहित्याचे युग येत आहे, हे गटेने एकरमानला सांगितले ते जानेवारी १८२७मध्ये. त्या दिवसांत गटे एक चिनी कादंबरी वाचत होता, आणि हे बोलणे झाले ते जेवणाच्या टेबलावर. म्हणजे विश्वसाहित्याची चर्चा खाता खाता करायची असते याला आधार आहे, आणि तिथे सगळे टिपून घेणारा एक चिटणीसही हजर होता. आमच्या मंडळाची रचना याहून वेगळी नाही. फरक असलाच तर एवढा, की गटे वाचून बोलत होता.

आमच्या डोंबिवलीत मात्र ‘जागतिक’ची व्याख्या अजून ठरायची आहे. किपलिंगचे नाव निघाले तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी हरकत घेतली. १८६५ साली जे. जे.च्या आवारात जन्मलेला माणूस जागतिक कसा? सीएसएमटीला उतरून चालत जाण्यासारखा तो. जागतिक म्हणजे निदान व्हिसा लागला पाहिजे. यावर प्राध्यापकबाई म्हणाल्या, “अहो, त्याला १९०७ साली नोबेल मिळालंय!” रेल्वेकाका म्हणाले, “मिळू दे. फास्ट लोकलनं तासाभरावरच्याला मी जागतिक म्हणणार नाही.” मतदान झाले, समसमान मते पडली. (त्या महिन्यात शेवटी चेखव वाचला.)

दुसरा विचार नावाचा. जो लेखक वाचायचा त्याचे नाव घेता आले पाहिजे, ही अट वरवर सोपी वाटते. ज्या वर्षी ‘द आउटसायडर’ घेतली त्या वर्षी मंडळात कामू, काम्यू आणि कॅमस असे तीन पंथ निर्माण झाले. आमच्या निरीक्षणाप्रमाणे कॅमसपंथीयांनी पुस्तक दोनदा वाचले होते, काम्यूपंथीयांनी अर्धे, आणि ‘कामू’ असा शुद्ध उच्चार करणाऱ्यांना ते उघडण्याची गरजच भासली नव्हती. मार्केसच्या वेळी अडचण निराळी आली. त्याचे आडनाव गार्सिया मार्केस. ग्रंथपालांनी स्पॅनिश रीत पाळून त्याला ‘ग’मध्ये घातले, आणि आम्ही तीन महिने ‘म’च्या कपाटापुढे उभे राहून पुस्तक गहाळ झाल्याची तक्रार करत होतो. सापडल्यावर कळले, की त्यातल्या कर्नल ऑरेलियानोला सतरा मुलगे आहेत आणि सतराही जणांचे नाव ऑरेलियानो. सगळे हबकले. निवृत्त तलाठी असलेले एक सभासद तेवढे शांत होते. “सातबाऱ्यावर याहून जास्त गोंधळ असतो,” असे म्हणून त्यांनी पुस्तक पिशवीत टाकले आणि, नोंद करण्यासारखी गोष्ट म्हणजे, पुरे केले.

नोबेलपक्ष हा सर्वांत आळशी आणि म्हणून सर्वांत बलवान पक्ष. निवड स्टॉकहोमला झालेलीच असते, आपण फक्त अनुमोदन द्यायचे. या पक्षाचे खंडन करायला एकच साल पुरते. १९०१चे पहिले पारितोषिक स्युली प्रुदोम या फ्रेंच कवीला मिळाले. तेव्हा टॉल्स्टॉय हयात होता आणि पुढे नऊ वर्षे हयात राहिला, तरी ते त्याच्याकडे फिरकले नाही. प्रुदोम वाचलेला सभासद मंडळात नाही. तो असावा अशी मागणीही कुणी केलेली नाही. पण १९७४चा दाखला निघाला आणि वारे फिरले. त्या वर्षी स्वीडिश अकादमीने आपल्याच दोन सदस्यांना पारितोषिक वाटून दिले होते. हे ऐकल्यावर आमच्या अध्यक्षांचा अकादमीविषयीचा आदर दुणावला. त्यांचा स्वतःचा काव्यसंग्रह गेली चार वर्षे ‘जागतिक’ या सदरात विचाराधीन आहे. त्यातल्या तीन कविता त्यांनी सिंगापूरला मुलाकडे असताना लिहिल्या.

२०२५चे नोबेल हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काईला मिळाले. त्याची एक अख्खी कादंबरी एकाच वाक्याची आहे, पूर्णविराम थेट शेवटी. मंडळाच्या नियमाप्रमाणे वाचन चालू असताना वाक्याच्या मध्ये कपबशी वाजवायची नाही. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी आपण होऊन तो मागे घेतला.

आता खरा विचार. आमच्या मंडळात एक काकू आहेत. कोणाचेही नाव निघाले की त्या विणकाम खाली न ठेवता विचारतात, “मराठीत आहे का हो?” प्राध्यापकबाईंना हा प्रश्न मागासलेला वाटतो. आम्हांला तो सर्वांत शास्त्रशुद्ध वाटतो, कारण त्याने जगाचा नकाशा बदलतो. मराठी वाचकाचे जग देशांच्या सीमांनी आखलेले नाही, अनुवादकांच्या आवडीनिवडींनी आखलेले आहे. क्यूबाचा समुद्र आमच्याकडे ‘एका कोळियाने’ या नावाने पु. लं.च्या होडीतून आला. अमेरिकेतल्या वॉल्डन तळ्याकाठी आम्हांला दुर्गाबाई घेऊन गेल्या. टॉल्स्टॉयचा कलेवरचा ग्रंथ साने गुरुजींनी मराठीत आणला, तेव्हा त्याच्या दाढीपेक्षा गुरुजींची टोपीच आमच्या डोळ्यांपुढे जास्त येते. आणि कॉनरॅड रिक्टर! त्याला १९५१ साली पुलित्झर मिळाले ही माहिती मंडळात कुणालाच नव्हती. पण जी. ए. कुलकर्णींनी धारवाडला बसून त्याच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, म्हणून ओहायोचे जंगल आम्हांला पाठ आहे. फॉकनर कोण असे विचारणारे आमचे चार सभासद रिक्टरवर तासभर बोलतात. अमेरिकन माणूस समोर आला तर त्याला हे कसे समजावून सांगायचे, हा प्रश्न अजून उद्भवलेला नाही.

यात एक उपसंशय आहे. रूपांतर वाचले तर मूळ लेखक वाचला असे धरायचे का? ‘ती फुलराणी’ पाहिलेल्यांनी शॉसमोर खूण करावी का? उदारमतवाद्यांनी होय म्हटले, आणि बघता बघता मंडळाच्या वाचनाचा आकडा दुप्पट झाला. पण नाटकवेड्या एका सभासदांनी देवलांच्या ‘झुंझारराव’च्या जोरावर ‘ऑथेल्लो’पुढे खूण केली आणि चर्चेत डेस्डिमोनाला शेवटपर्यंत कमळजा म्हणत राहिले, तेव्हा प्राध्यापकबाईंचा तोल गेला. आमचे मत विचाराल तर ते गृहस्थच बरोबर होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते, बाईंच्या हातात टिपणे होती. तरी शास्त्रात डोळ्यांतल्या पाण्याला प्रमाण मानलेले नाही, म्हणून मुद्दा पुढे ढकलला. (चेखव वाचला.)

उरला जाडीचा विचार, आणि यात यंदा मोठे संशोधन झाले. श्रेय जाते सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे. मंडळाचे वर्ष पाडव्याला सुरू होते, म्हणजे ते चांद्रवर्ष, साधारण ३५४ दिवसांचे. ‘युद्ध आणि शांती’ची प्रकरणे ३६१. रोज एक प्रकरण वाचले तरी वर्ष संपते आणि सात प्रकरणे उरतात. टॉल्स्टॉय आमच्याकडे दर वर्षी का पडतो, याचे कारण आजवर आम्ही आमच्या आळसात शोधत होतो. ते पंचांगात निघाले.

पण शके १९४८मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. १९ मार्च २०२६चा पाडवा ते ७ एप्रिल २०२७चा पाडवा, दिवस भरतात ३८४. टॉल्स्टॉय बसतो आणि वर २३ दिवस शिल्लक राहतात, तेवढ्यात एखादे लग्नकार्य उरकता येते. काका हे सांगत असताना त्यांचा आवाज कापत होता. एवढ्यात प्राध्यापकबाईंनी मुरासाकी शिकिबूचे नाव पुढे केले. अकराव्या शतकातली जपानी लेखिका, ‘गेंजी’ची प्रकरणे ५४. स्त्री, आशिया आणि प्राचीन वाङ्मय अशा तीन जागा एकाच नावात भरून निघतात, म्हणून बाईंना ती फार दिवस हवी होती. काकांनी तिथल्या तिथे पेन्सिल काढली. आठवड्याला एक प्रकरण धरले तर लागतात ३७८ दिवस. साध्या वर्षात चार प्रकरणे बाहेर राहतात. अधिक मासाच्या वर्षात तीही बसते, आणि सहा दिवस उरतात! सभेत शांतता पसरली. हजार वर्षांपूर्वीची क्योटोची दरबारी बाई आणि यास्नाया पोल्यानाचा उमराव, दोघेही आपल्या दाते पंचांगाकडे डोळे लावून बसले असतील, असे कुणाला वाटले होते?

गणित दोघांच्याही बाजूचे निघाल्यामुळे काट्याची टक्कर झाली. मग कुणी तरी संवत्सराचे नाव पाहिले. शके १९४८ हे पराभवनाम संवत्सर. टॉल्स्टॉयपक्षाने हा कौल मानला: १८१२ साली मॉस्कोहून परत फिरलेल्या नेपोलियनची कहाणी वाचायला याहून उचित वर्ष कोणते? विरुद्ध पक्षाने विचारले, पराभव नेपोलियनचाच कशावरून? मंडळाचाही असू शकेल.

ही शंका निराधार नव्हती. मंडळाच्या मालकीची त्या कादंबरीची जाड पुठ्ठ्याची एक इंग्रजी प्रत होती. तिच्यात पाच वेगवेगळ्या वर्षांच्या पाच खुणा होत्या: एक लग्नपत्रिका, एक वीजबिल, दोन बसची तिकिटे आणि मोराचे पीस. सर्वांत पुढची खूण चाळिसाव्या पानाच्या आत. कादंबरी उघडते तीच आन्ना पाव्लोवनाच्या दिवाणखान्यात. तिथे लोक जमून युरोपच्या भवितव्याबद्दल बोलताहेत, बोलताहेत आणि निर्णय काही होत नाही. आमच्या सभासदांना तिथे इतके घरच्यासारखे वाटले, की त्यांच्यापैकी एकही त्या दिवाणखान्यातून बाहेर पडला नाही.

अशा वेळी जे दर वर्षी होते तेच झाले. चेखवचे नाव आले. ते कोण मांडतो हे इतिवृत्तात कधीच सापडत नाही. चेखव हा लेखकनिवडीतला बटाटा आहे, कशातही चालतो आणि कुणाचा उपास मोडत नाही. कथा छोट्या, बैठकीला येता येता गाडीतही संपणाऱ्या. माणूस पेशाने डॉक्टर, त्यामुळे मंडळातल्या ज्येष्ठांना जवळचा. १९०४ साली वारला, म्हणजे नोबेल न मिळाल्याबद्दल कुणाला दोष द्यायला नको. उच्चार चेखव, चेकॉव्ह, चेखॉफ कसाही करा, तो हसतच असणार असे वाटते. शिवाय १८९०मध्ये साखालीनहून परतताना तो कोलंबोला उतरला होता आणि त्याला तिथे स्वर्ग दिसला होता. “थोडक्यात चुकला, नाही तर मुंबईलाच आला असता,” असे रेल्वेकाका हळहळून म्हणतात. पण उतरला नाही ते बरेच झाले, नाही तर त्यांनीच त्याला जागतिक यादीतून काढला असता.

चेखवावर हात वर व्हायला लागले, तेवढ्यात काकूंनी आयुष्यात प्रथमच विणकाम खाली ठेवले. त्यांना काही कबूल करायचे होते. २०२३च्या अधिक श्रावणात जावई जेवायला आले होते. तेहेतीस अनारसे, चांदीचे निरांजन, सगळे वाण तयार होते. पण अधिकाच्या वाणाला धोंड्याचे वाण म्हणतात, तेव्हा ताटात काही तरी जडही असावे असे काकूंच्या मनात आले. टॉल्स्टॉय त्या वर्षी त्यांच्याच घरी पडून होता. त्यांनी तो मोराच्या पिसासकट ताटात ठेवला आणि मंडळाला सांगायचे राहून गेले.

“मग? प्रत गेली म्हणायची?” चिटणिसांनी विचारले.

“गेली कुठे? काल नाशिकहून फोन होता जावईबापूंचा. वाचून झालं म्हणाले.”

“सगळं?”

“शेवटची ती इतिहासाची चर्चासुद्धा. आता विचारताहेत, आई, पुढे काय वाचू?”

चौदा वर्षांत मंडळातला टॉल्स्टॉय कुणी तरी संपवला होता, आणि तो माणूस मंडळाचा सभासद नव्हता. घटनेप्रमाणे सभासद डोंबिवलीचा रहिवासी असावा लागतो, तेव्हा त्याला करून घेणेही शक्य नाही. बदलापूरचे दोघे उठायचे विसरले. (ते सभासद कसे, हे इथे कुणी विचारू नये.) चहा दुसऱ्यांदा झाला. शके १९४८ची यादी तशीच राहिली, पण जावईबापूंनी पुढे काय वाचावे हे ठरवण्यासाठी पाच जणांची उपसमिती एकमताने नेमण्यात आली. उपसमितीचा कल चेखवकडे आहे.