हेराल्डला गारवा, जावयाला घाम

नवतप्याच्या उन्हात नागपूरहून सावनेर ओलांडून पुढे जाणारी माणसं दोनच प्रकारची. एक, ज्यांना खरोखर काम आहे ती. आणि दुसरे, जावई. यंदा अधिक महिना ज्येष्ठात आला, त्यामुळे धोंड्याचं जेवण ऐन मेअखेरीला पडलं. सासुरवाडी पांढुर्ण्याची. वाटेत सौंसरला चुलतसासरे. त्यांचा चहा चुकवून पुढे गेलं, तर तो न घेतलेला चहा पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात निघतो. दोघी बहिणी, म्हणजे आमची ही आणि साडूंची ती, आदल्या दिवशीच रेल्वेने पुढे गेल्या. "तुम्ही दोघं या सावकाश गाडीनं," असं सांगून गेल्या. त्या सांगण्यात काळजी कमी आणि करमणूक जास्त होती.

गाडी साडूंची. स्टँडर्ड हेराल्ड, १९६५ची. साडू तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतात आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. ट्रायम्फने विलायतेत १९५९ साली हेराल्ड काढली, तिचं रूप घडवलं तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने, आणि १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर ती आपल्याकडे बनवू लागली. पुढे १९६२मध्ये ट्रायम्फने याच हेराल्डची चासी आखूड करून स्पिटफायर नावाची अस्सल दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. "म्हणजे स्पिटफायर हिची सख्खी धाकटी बहीण!" इति साडू. धाकटी पळते म्हणून थोरलीनेही पळावं असं काही नसतं. पण हे त्यांना मी कसं सांगणार? आमचं नातंच बहिणींवर उभं.

हेराल्डचं छप्पर बाकीच्या गाड्यांसारखं वेल्डिंग केलेलं नसतं, बोल्टने आवळलेलं असतं. मूळ आराखड्यातच ती सोय आहे. ही गोष्ट साडूंना तरुणपणी कळली आणि त्यांनी एका रविवारी ते बोल्ट काढले. छप्पर गच्चीवर गेलं, त्याखाली आज कुंड्या आहेत. गाडीला कॅनव्हासचा टप आला. पावसात तो गळतो, वाऱ्यात फडफडतो आणि मे महिन्यात त्याच्याखाली बसलं की दुपारी बाराला वरूनच भाजणी सुरू होते. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदवले होते. ते सावलीतले. टपाखालचे कोणी मोजले नाहीत.

तर अशा बिनछपराच्या गाडीला साडूंनी यंदा एसी बसवला.

यात वेडेपणा आहे हे खरं, पण तो फक्त आमच्याच घरातला नाही. मोटारीत एसी पहिल्यांदा दिला अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने, १९४०च्या मॉडेलांत. त्या यंत्राने निम्मी डिकी खाल्ली होती, आणि कॉम्प्रेसर बंद करायला बटणच नव्हतं. थंडी पडली की बॉनेट उघडून पट्टा उतरवायचा. एक-दोन वर्षांत कंपनीने तो प्रकार गुंडाळला. कॉर्व्हेट ही तर पक्की स्पोर्ट्‌स कार, उघड्या टपाचीही मिळायची. तिला १९६३ साली कंपनीने एसी देऊ केला, तर त्या वर्षीच्या एकवीस हजारांवर गाड्यांपैकी तीनशेसुद्धा एसीच्या निघाल्या नाहीत. एक तर स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याला वारा खायचा असतो, आणि दुसरं म्हणजे त्याला सौंसरला जायचं नसतं.

एसी मिस्त्रीने पहिल्याच दिवशी हिशोब मांडला होता. इंजिन ९४८ सीसीचं, नवं असताना पस्तीसेक अश्वशक्तीचं. कॉम्प्रेसर जोरात चालला की त्यातले चार-पाच घोडे तोच नेणार. उरलेले साठीचे घोडे दोन जावई ओढणार. त्यातून वीज. हेराल्डला अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे, तोही बावीस अँपिअरचा. आतला ब्लोअर आठ-एक खाणार, कंडेन्सरचा पंखा तेवढेच, मॅग्नेट क्लच तीन-चार, आणि इंजिनला स्वतःलाही इग्निशनसाठी तीन-चार हवेत. बेरीज बावीसच्या वर जाते. गाडी उभी राहून नुसती पुटपुटत असली, की डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. "म्हणून म्हणतो, साहेब, आधी अल्टरनेटर टाका." साडू म्हणाले, "ओरिजिनल गाडी आहे. डायनॅमोला हात लावायचा नाही." गच्चीवरच्या कुंड्यांना ही तत्त्वनिष्ठा माहीत नसावी.

मग भंगारातून मारुती ८००चा कॉम्प्रेसर आला. लेथवाल्याने त्याचं ब्रॅकेट घडवलं, क्रँकच्या पुलीला जोडपुली लावली. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर उभा केला. डॅशबोर्ड कापायचा नाही म्हणून कूलिंग कॉइलचा डबा डॅशच्या खाली लटकवला, नेमका डाव्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यासमोर. व्हॅक्यूम मारला, गॅस भरला. पूर्वी आर-१२ भरायचे, त्याने आकाशातला ओझोन विरतो म्हणून जगाने १९८७च्या माँट्रिअल करारात तो मोडीत काढायचं ठरवलं, आपल्याकडे त्याचं उत्पादन २०१०पर्यंत थांबलं. आता आर-१३४ए. साडू मिस्त्रीला म्हणाले, "ओझोनचा प्रश्न सुटला ना?" मिस्त्री म्हणाला, "हो, आता फक्त तुमचाच राह्यला."

एक गोष्ट राहिली. त्या काळच्या विलायती गाड्यांप्रमाणे हिच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं, म्हणजे ‘पॉझिटिव्ह अर्थ’, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. ती तशीच ठेवली. हे वाचकांनी लक्षात ठेवावं. मिस्त्रीने ठेवलं नव्हतं.

सावनेरला रस्ता फुटतो. डावीकडचा पांढुर्णा-बैतूलचा, दुसरा सौंसर-छिंदवाड्याचा. तिथवर एसी चालला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. चालला म्हणजे काय? माझे गुडघे शिमल्यात होते. गुडघ्यांच्या खाली गिअरबॉक्सवरून ऊन झळ पायांवर येत होती आणि डोक्यावर टप तापला होता. साडू दर पाच मिनिटांनी विचारत, "गार लागतंय ना?" मी म्हणे, "लागतंय." कोणत्या भागाला ते त्यांनी विचारलं नाही.

मध्य प्रदेशची हद्द लागते ती फक्त पाट्यांवरून कळते. पाट्या हिंदी होतात, माणसं मराठीच राहतात. १९५६पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानीचाच होता; राज्यं नवी झाली तेव्हा नागपूर इकडे आलं, छिंदवाडा तिकडे गेला, आणि सोयरीक दोन्हीकडे राहिली. बोरगावला रेमंडची गिरणी दिसते. पंचेचाळीस अंशांत सुटाचं कापड विणणाऱ्या त्या गिरणीकडे बघून साडूंना एकदम धीर आला. "बघा! कोणी हसतं का त्यांना?" एवढ्यात त्यांनी गाडी कडेला घेतली आणि टप खाली पाडला. सौंसरमध्ये शिरताना लोकांना स्पोर्ट्‌स कार दिसली पाहिजे. एसी मात्र चालू ठेवला, कारण लोकांना तोही कळला पाहिजे.

चुलतसासरे डोक्याला पंचा बांधून अंगणातच उभे होते. ते गाडीभोवती एक फेरा मारून आले. डॅशखालच्या डब्यापुढे हात धरला.

"बापू, हा एसी हाय का?"

"हो, मामाजी."

"चालू हाय?"

"चालू आहे ना."

"अन् वरतं छत नाही."

"स्पोर्ट्‌स कार आहे, मामाजी."

चुलतसासरे थोडा वेळ विचारात पडले. "मंग तुम्ही आमच्या सौंसरले गार करून राह्यले का?"

साडूंनी इंजिन बंद केलं. हा निर्णय चहापुरताच होता, पण इंजिनने तो कायमचा धरला. चहा झाला, संत्र्याची बाग झाली. आता झाडावर फळ नाही, मृगाच्या बहारासाठी झाडं ताणावर ठेवलेली. पाणी तोडून झाडाला मुद्दाम सुकवायचं, मग पावसाबरोबर ते भरभरून फुलतं. फळ येतं फेब्रुवारी-मार्चला. "तुमच्या बॅटरीलेही ताण देल्ला दिसते," चुलतसासरे म्हणाले, कारण किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला होता. गल्लीतली पोट्टी बोलवावी लागली नाहीत, ती आधीच जमली होती. त्यांनी ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत ढकलली. गाडी हलकी, चार जणांत पळाली. ही एकच गोष्ट तिने बहिणीसारखी केली.

आता नियम ठरला: पांढुर्ण्यापर्यंत इंजिन बंद करायचं नाही. वाटेत जामसावळीचा हनुमान. तिथे मारुतीराया उभे नाहीत की बसलेले नाहीत, आडवे पहुडलेले आहेत. नवतप्यात या परिसरात शहाणा असा तेवढाच दिसला. दर्शन आम्ही आळीपाळीने घेतलं. एकाने हात जोडायचे, दुसऱ्याने गाडीत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा. बाहेर आल्यावर साडूंनी एसी पुन्हा सुरू केला. देवाने ते मनावर घेतलं असावं. पुढच्याच चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि रेडिएटरमधून वाफ निघाली.

हेराल्डचं एक कौतुक केलंच पाहिजे. हिचं बॉनेट मडगार्डांसकट सगळंच्या सगळं पुढे उलटतं, आणि मेकॅनिकला चक्क पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. आम्ही दोघे दोन चाकांवर बसलो. मधे इंजिन वाफ सोडत होतं. कडेने जाणारा ट्रॅक्टरवाला थांबला, त्याने कॅन भरून पाणी दिलं आणि विचारलं, "काऊन भाऊ, कुठं चालले?" साडू म्हणाले, "धोंड्याले." तो म्हणाला, "मंग बराबर हाय," आणि निघून गेला.

पांढुर्णा २०२३पासून जिल्हा आहे, सौंसर त्यातच. जगाला मात्र हे गाव जाम नदीमुळे माहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, एकमेकांना दगड मारतात. ही गोटमार. एका पळून जाणाऱ्या जोडप्याला नदीत गाठून दोन्ही गावांनी दगड मारले, अशी कथा सांगतात. ज्या गावात सोयरीक जुळवण्याचा इतिहास असा आहे, तिथे जावयाने उकळत्या गाडीतून शिरताना मान खाली ठेवावी.

सासऱ्यांनी मिस्त्री बोलावून ठेवला होता, फ्रीज आणि गाड्यांचे एसी करणारा. तो काही बोलला नाही. त्याने वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला आणि इंजिन चालू ठेवून गाडीच्या जाळीसमोर धरला. पंखा हवा आत ओढतो, तेव्हा कागद जाळीला चिकटायला हवा. कागद साडूंच्या छातीवर येऊन आदळला.

"पंखा उलटा फिरून राह्यला, भाऊ."

पॉझिटिव्ह अर्थ! ब्लोअरच्या तारा नागपूरला उलट्या जोडल्या होत्या, बाहेरच्या पंख्याच्या विसरल्या. समोरून येणारा वारा आत शिरायला बघत होता आणि हा पंखा त्याला नागपूरपासून बाहेर ढकलत होता. मिस्त्रीने दोन तारा अदलाबदल केल्या. कागद जाळीला चिकटला. काटा उतरला, गारवा वाढला, माझ्या गुडघ्यांपासून कमरेपर्यंत आला. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी टाळ्याच वाजवल्या.

"पर रात्री परत जाणार ना?" मिस्त्री म्हणाला. "हेडलाइट लावले का डायनॅमो दमते. लाइट घ्या नाहीतं एसी घ्या. दोन्ही नाही भेटत." साडू लाइट सोडून द्यायच्या विचारात आहेत असं वाटल्यावर सासूबाई मधे पडल्या. मिस्त्रीने पान्याने कॉम्प्रेसर सैल केला आणि पट्टा उतरवून साडूंच्या हातात ठेवला. १९४०च्या पॅकार्डवाल्यांचाच उपाय, त्याने वीस रुपयांत केला.

जेवण मात्र दृष्ट लागावी असं. पुरणाचे धोंडे, आमरस, तेहतीस अनारशांचं वाण. आणि माजघराच्या खिडकीत लोखंडी कूलर, तीन बाजूंना लाकडाच्या कुरळ्या काड्यांच्या ताट्या. इथली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी, की पाणी ताटीतून झिरपताच उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. अमेरिकेतल्या वाळवंटी भागात पूर्वी गाडीच्या काचेला असाच काड्यांचा आणि पाण्याचा नळकांडी कूलर अडकवायचे, गाडी पळाली की वारा त्यातून आत येई. हे मी साडूंना जेवताना सांगितलं. चौथा अनारसा त्यांच्या हातातच राहिला. कूलरकडे बघत ते म्हणाले, "याला डायनॅमो लागत नाही, नाही का?"

वाचकांपैकी कोणाकडे हेराल्ड असेल आणि एसी बसवायचाच असेल, तर आधी अल्टरनेटर टाका आणि निगेटिव्ह अर्थ करून घ्या, मग रेडिएटर मोठा करा, पंख्यापुढे कागद धरून बघा, आणि गॅस सगळ्यात शेवटी भरा. छप्पर काढलेलं असेल तर ते आधी परत लावा. आणि आमंत्रण धोंड्याचं असेल, तर नागपूर-इटारसी मार्गावर पांढुर्ण्याला रेल्वे स्टेशन आहे.