पासवर्डवाल्या साहेबांना अनावृत पत्र

मु. पो. कडेगाव, जि. सांगली

माननीय पीएलसी प्रोग्रॅमर साहेब यांसी, साष्टांग नमस्कार वि. वि.

साखर कारखान्यात ऊस ओढणाऱ्या गव्हाणीला हुकूम सोडणारा पीएलसी बसवून, बिल वसूल करून आपण गेलात. आपलं नाव निघत नाही अशी एक पाळी जात नाही.

पहिले आभार पासवर्डचे. मशीन कारखान्याचं, पैसे सभासदांचे आणि प्रोग्रॅमला कुलूप आपलं. बॅकअपही ठेवला नाहीत. सांभाळायची जोखीमच नको!

चाचणी तर किती सोज्वळ! भर उन्हाळ्यात, गव्हाणीत उसाचं एक कांडं नसताना. रिकामी गव्हाण काय झुळझुळ चालली! ऊस घालून उगाच बेरंग कशाला?

मग हंगाम लागला. शूट भरलं की गव्हाण थांबायला हवी, ती थांबेना. ऊस तुंबला, पोरं पहारी घेऊन उतरली. शूट भरल्याचं सांगणारा लेव्हल स्विच आम्ही हाताने दाबून पाहिला. टर्मिनलवर २४ व्होल्ट, इनपुट कार्डाचा हिरवा दिवा लागलेला, गव्हाण मात्र आपल्याच नादात. तेवढ्यात सीपीयूवर 'फोर्स'चा दिवा दिसला आणि आपला मोठेपणा कळला. चाचणीत स्विच आडवा येत असणार, म्हणून स्विच काहीही म्हणो, इनपुट शून्यच धरायचं असं 'फोर्स' केलंत आणि ते काढायचं राहिलं. अर्थात आत डोकावता येत नाही, तेव्हा आळ घेत नाही.

आपल्या कृपेने इतिहासही उलटा फिरला. रिलेंच्या जंजाळाला कंटाळून जनरल मोटर्सने १९६८ साली पर्याय मागितला, डिक मॉर्ले आणि मंडळींनी मोडिकॉन ०८४ हा पीएलसी घडवला. आमच्या वायरमनने भंगारातून एक जुना रिले हुडकला, स्विच त्याच्यामार्फत थेट ड्राइव्हच्या स्टॉपला जोडला. गव्हाण मुकाट थांबते. आपल्या पीएलसीला अगरबत्ती लावतो. मान राखायला नको?

मोहरमला कडेगावी अवश्य यावे. उंच ताबूतांच्या भेटी बघायला लांबलांबून माणसं येतात, कोणी कोणाला पासवर्ड विचारत नाही. आम्ही फक्त आपल्याला विचारू. सोबत लॅपटॉप आणावा, जेवणाची सोय आमच्याकडे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
रात्रपाळीचा इन्स्ट्रुमेंटवाला

ता. क. : पीएलसीच्या बॅटरीचा लाल दिवा लागलाय. सप्लाय चालू असतानाच ती बदलायची, नाहीतर प्रोग्रॅम पुसला जातो. आज बदलायला घेतलीय. मधेच लाइट गेली तर प्रोग्रॅम आणि पासवर्ड, दोघंही एकदमच सुटतील.