दोन पडद्यांचे दाजी

कंधारात सातबारा काढून देणारे पुष्कळ आहेत. सातबारा कुठल्या पडद्यावर काढायचा याचा विचार करणारे एकटे दाजी.

त्यांच्या सेवा केंद्रात दोन मॉनिटर आहेत. एक नवा, रुंद. दुसरा जुन्या बाजारातला, जवळजवळ चौकोनी. संगणकात लिनक्स मिंट. विंडोजचं नाव काढलं की दाजी तोंड वाकडं करतात. अंगठ्याच्या मशीनपुरता विंडोजचा एक म्हातारा लॅपटॉप टेबलाखाली असतो, पण त्याचा विषय काढायचा नाही.

मिंटमध्ये 'डिस्प्ले' नावाची सरळ खिडकी आहे. दोन चौकोन माउसनं ओढून शेजारी लावले की झालं. पण एवढ्यावर भागलं तर ते दाजी कसले! ते टर्मिनलची काळी खिडकी उघडतात, 'एक्सरँडर' ही पडदे मांडायची आज्ञा टाइप करतात आणि 'राइट-ऑफ' की 'लेफ्ट-ऑफ' यावर गंभीर होतात. चुकलं की दुसरा मॉनिटर टेबलावर उजवीकडे, संगणकाच्या लेखी डावीकडे; बाण उजव्या काठाला जाऊन थटतो. कुरुळ्याच्या एका मामांनी बराच वेळ बघून विचारलं, "दाजी, मधी भिंत हाय का काय?"

बरं, एकदा जमलं की सुटलो, असंही नाही. एक्सरँडरची मांडणी लॉगआउट होईपर्यंत किंवा संगणक बंद होईपर्यंतच टिकते. कायम हवी तर ती ओळ सुरुवातीलाच आपोआप चालेल अशी लावून ठेवावी लागते. दाजींनी ठेवली होती. मग त्यांनीच हौसेनं ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला आणि 'एचडीएमआय-1' हा पडदा नुसता 'एचडीएमआय1' झाला. मधली आडवी रेघ गेली, ओळ निकामी. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, पासबुकात तिसरं नाव असलेल्या शेतकऱ्यागत गत झाली. गावाची नावदुरुस्ती बाजूला ठेवून दाजी पडद्याच्या नावदुरुस्तीला बसले. तेवढ्यात लाइट गेली.

"काय करायलाव दाजी? पीकविम्याची शेवटची तारीख हाय आज."

"थांबा की. आधी प्रायमरी कोणता ते ठरू द्या."

सगळं जुळलं की ते पहिल्यांदा अर्ज उघडत नाहीत, कंधारच्या किल्ल्याचा फोटो दोन्ही पडद्यांवर पसरवतात. राष्ट्रकूटांच्या काळातला किल्ला! बुरूज एकीकडे, खंदक दुसरीकडे. एक पडदा 1080 ओळींचा, दुसरा 1024 चा; उरलेल्या 56 ओळींपायी तट मधेच बोटभर खचलेला दिसतो. राष्ट्रकूटांना जमलं ते आपल्याला का जमू नये, म्हणून दाजी पुन्हा काळ्या खिडकीत उतरतात.

मात्र अर्ज भरायला घेतला की हाच माणूस दोन्ही पडद्यांवर एकच दिसावं म्हणून 'सेम-ॲज' लावतो, चौकोनी पडदा गिऱ्हाइकाकडे वळवतो आणि नावाचं अक्षर न् अक्षर त्याच्याकडून वाचून घेतल्याशिवाय बटण दाबत नाही. वाचता येत नसेल तर स्वतः मोठ्यानं वाचून दाखवतो. ही सोय तालुक्यात दुसरीकडे मी तरी पाहिली नाही.

तेव्हा घाई असेल तर शेजारच्या केंद्रात जा. नावातली वेलांटी सांभाळायची असेल तर डबा घेऊन दाजींकडे या. आणि सकाळीच या. दुपारी लाइट जाते.