आवाजांची सेवाज्येष्ठता

ज्या गृहस्थाने आपल्या जुन्या मोटारीचे बुश, शॉकॲब्जॉर्बर आणि पाटे एकदम बदलून घेतले आणि त्यानंतर ती मोटार निःशब्द होईल अशी अपेक्षा बाळगली, त्याचा सरकारी कचेरीशी आयुष्यात कधी संबंध आलेला नसावा, असे माझे ठाम मत आहे. अव्वल कारकून निवृत्त झाला म्हणून कचेरीत शांतता नांदू लागत नाही; त्याच्या दरडावणीखाली वर्षानुवर्षे दबून राहिलेला दुय्यम कारकून त्या खुर्चीवर बसतो आणि त्याला कंठ होता हे अवघ्या तालुक्याला प्रथमच कळते. मोटारीच्या दुरुस्तीने आवाज नाहीसे होत नाहीत. त्यांची सेवाज्येष्ठता तेवढी बदलते.

आमची प्रीमियर पद्मिनी ही वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील. तिच्या टॅक्सीभगिनींनी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांचा कायमचा निरोप घेतला. ही मात्र पेणच्या परिवहन कचेरीतून दर पाच वर्षांनी फेरनोंदणीचा शिक्का मिळवीत अलिबागेस अद्याप सौभाग्याने नांदत आहे. पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागच्या आसाखाली व्हिक्टोरिया गाड्यांशी नाते सांगणारे कमानी पाटे, स्टिअरिंगच्या मानेवरच बसविलेला गिअरचा दांडा, आणि ज्या प्रदेशात नव्या कोऱ्या खिडकीची बिजागरीसुद्धा दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागते त्या प्रदेशाच्या खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर कोरलेली नक्षी, असे तिचे एकंदर स्वरूप आहे.

दुरुस्तीपूर्वी तिच्या बुडाखालून एकच एक, भरदार आणि निःसंदिग्ध धडधडाट येत असे. वडखळचा नाका सोडून पोयनाडकडे वळल्यापासून कार्ले खिंड उतरेपर्यंत त्या धडधडाटात पतिपत्नींना परस्परांचे एक अक्षरही ऐकू येत नसल्यामुळे आमचे प्रवास अत्यंत सलोख्याने पार पडत. पुढे एका खड्ड्यात मागच्या डाव्या पाट्याचे मुख्य पान मोडले आणि श्रावणात, धो धो पावसात, गाडी गॅरेजात गेली. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून पाटे आले, बुश आले, शॉकॲब्जॉर्बर आले. बिल आले ते मात्र थेट सराफकट्ट्यावरून आल्यासारखे. परंतु गाडी परतली ती अशी की, सौभाग्यवतींनी पोयनाडपासून सुरू केलेला एक विषय मला शेवटपर्यंत ऐकावा लागला.

त्या नीरवतेत पहिली बढती मिळाली ती हातमोज्यांच्या कप्प्याच्या झाकणाला. त्याचा बंदोबस्त कागदाची घडी खुपसून केला, तो सायलेन्सरच्या पट्टीने जागा घेतली. तिला तारेने जखडले, तेव्हा मागच्या उजव्या दाराच्या अंतर्भागात काहीतरी वळणावळणाला गडगडत या टोकाहून त्या टोकास जात असल्याचे ध्यानात आले. दाराचा आतला पुठ्ठा उचकटल्यावर मुद्देमाल हाती लागला: एक अख्खी श्रीवर्धनी रोठा सुपारी. माझ्या सासुरवाडीच्या मंडळींनी ती खिडकीच्या फटीतून कोणत्या साली हरवली यावर दोन सख्ख्या बहिणींत जो वाद झाला तो अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

हे सर्व किरकोळ गुन्हे होत. खरा आरोपी उघडकीस आला दसऱ्याच्या सुमारास, चौलमधील एका गतिरोधकावर. पाऊस ओसरला होता, रस्ते वाळले होते, आणि गाडी गतिरोधकावरून उतरताक्षणी मागच्या बाजूने ‘कुईंऽऽ’ असा दीर्घ, कण्हत्या सुराचा आवाज आला. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. या रस्त्यावर गतिरोधकांची टंचाई असल्याची तक्रार आजवर कोणीही केलेली नाही.

आवाज कोठून येतो हे सांगणे सोपे असते, असा समज ज्यांनी कधी मोटारीतील आवाज शोधला नाही त्यांचाच असू शकतो. ध्वनी एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, त्या सूक्ष्म अंतरावरून मनुष्य दिशेचा अंदाज बांधतो. पण पोलादातून ध्वनी हवेपेक्षा सुमारे पंधरापट वेगाने धावत असल्याने मागच्या पाट्याखाली जन्मलेला सूर क्षणार्धात सगळ्या सांगाड्यात संचारतो आणि छत, दार, बैठक यांपैकी जे कोणी सैल असेल त्याच्या मुखाने प्रकट होतो. परिणामी गाडीतील प्रत्येक साक्षीदाराची जबानी निराळी. सौभाग्यवतींच्या मते आवाज माझ्या बैठकीखालून येत होता. माझ्या मते तिच्या. मूळ गॅरेजवाल्याने चाचणीसाठी गाडी डांबरी सपाट रस्त्यावरून नेली, तेथे ती अर्थातच एक शब्द बोलली नाही, आणि ‘तुमच्या कानाला सवय नाही शांततेची’ असा निकाल देऊन तो मोकळा झाला. दुसऱ्याने शॉकॲब्जॉर्बरला दोषी धरले, कारण त्याच्याकडे शॉकॲब्जॉर्बर विक्रीस होते. तिसऱ्याने पाट्यांवर जळके ऑइल शिंपडले. त्याने आवाज गेला नाही, मात्र रबराला खनिज तेलाचे वावडे असते ही गोष्ट पुढे मला महागात समजली.

अशा वेळी आप्पांनी तपास स्वतःकडे घेतला. आप्पा म्हणजे सौभाग्यवतींचे काका, जिल्हाधिकारी कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, ही वार्ता त्यांनी तत्त्वतः मान्य केली असली तरी अमलात आणलेली नाही. त्यांनी एक जाड वही घातली आणि तीत ‘मौजे नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, गतिरोधक, शाळेसमोरील, आवाज एक, स्वर करुण, दिशा संशयास्पद’ अशा नोंदी मोत्यासारख्या अक्षरांत होऊ लागल्या.

आप्पांच्या पद्धतीला शास्त्राधार होता, आणि तोही गावातलाच. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय उपकरणांना त्या विजेचा उपसर्ग पोचेल हे ओळखून संचालक मूस यांनी ते काम अलिबागेस हलविले. १९०४ साली येथे नोंदी सुरू झाल्या, दोन्ही ठिकाणच्या नोंदींची रुजवात घालण्यासाठी काही काळ त्या बरोबरीने चालविल्या गेल्या, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली तोवर वेधशाळेने आपले बिऱ्हाड सुरक्षित हलविलेले होते. जेथे उपकरणे ठेवावयाची त्या इमारतीत लोखंड वर्ज्य मानले गेले. ‘सूक्ष्म गोष्ट पकडायची तर आधी मोठा गोंगाट टाळावा लागतो, जावईबापू,’ असे सांगून आप्पांनी फर्मान काढले की, चाचणी रात्री दहानंतर, रेवदंड्याच्या रस्त्यावर, पंखा, रेडिओ आणि सौभाग्यवती यांना वगळून व्हावी; आणि आवाज मागचा असल्याने आपण स्वतः डिकीत बसू.

आप्पांची देहयष्टी कृश आहे. जादा चाक घरी काढून ठेवल्यावर ते टॉर्च, वही आणि मफलर यांसह डिकीत सुखाने मावले. श्वासोच्छ्वासासाठी झाकण वीतभर उघडे ठेवून मी ते सुंभाने बांधले. आक्षी, नागाव, चौल अशी गावे मागे पडत गेली. प्रत्येक गतिरोधकानंतर आतून ‘नोंद झाली’ असा पुकारा येई. कुंडलिकेच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. ज्या किनारपट्टीवर १९९३ साली शेखाडीस स्फोटके उतरविली गेली, तेथील पोलीस सुंभाने बांधलेल्या डिकीकडे कौतुकाने पाहत नाही. हवालदाराने गाठ सोडली, झाकण उचलले, आणि आतून एका वृद्ध गृहस्थाने त्याच्याच तोंडावर टॉर्च मारून करड्या आवाजात विचारले, ‘गाडी का थांबवलीत? आताच तो उजवीकडे सरकला होता.’

‘तो’ कोण, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देण्यात बराच काळ गेला. तोपर्यंत आमच्यामागे एक मिनीडोर येऊन थांबली होती. तिचा चालक खाली उतरला, सर्व कैफियत त्याने विडी विझेपर्यंत ऐकून घेतली, पद्मिनीची मागची बाजू दोन्ही हातांनी दाबून तिला कुंई म्हणावयास लावले, मग पाण्याच्या बाटलीतील पाणी पाट्याच्या टोकाशी असलेल्या बुशावर ओतून पुन्हा दाबले. पद्मिनी गप्प.

‘काका, गारी जॅकवर चरवून बोल्ट आवललंत ना? मंग बुश बोंबलनारच. खाली टेकवा न मंग आवला.’

इतके सोपे होते. चाके अधांतरी लोंबत असताना बोल्ट करकचून आवळला की बुशाचे रबर त्याच अवस्थेत जखडले जाते. पुढे गाडीचा भार पाट्यावर आला की ते बिचारे जन्मभर पिळलेलेच राहते आणि प्रत्येक हिसक्याला कण्हते. पाण्याने घर्षण तात्पुरते मिटते, म्हणून अख्खा पावसाळा गॅरेजवाल्याची अब्रू शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी, तेलाने फुगलेले बुश बदलून, गाडी चारही चाकांवर उभी ठेवून, आम्ही बोल्ट आवळले. कुंई थांबली. चौलच्या त्या मूळ गतिरोधकावरून मी गाडी मुद्दाम पुढे-मागे नेली, शेजारच्या दुकानदाराने दोनदा विचारपूस केली, पण हूं नाही की चूं नाही.

हे वृत्त मी आप्पांना मोठ्या उत्साहाने कळविले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, तारीख घातली, आणि प्रकरण दप्तरदाखल करण्याऐवजी खाली लाल शाईने शेरा मारला: ‘आरोपी आवाज फरारी. मुरूडच्या दिशेने गेल्याचा संशय. शोधार्थ काशीद, नांदगावमार्गे मुक्कामी दौरा आवश्यक. पेट्रोल व भोजनखर्चाची तसलमात मंजूर व्हावी.’ मंजुरीसाठी त्यांनी ती वही माझ्याकडे न पाठविता सौभाग्यवतींकडे पाठविली, यावरून त्यांनी कचेरीत किती वर्षे काढली असतील याची कल्पना यावी.