अण्णांची सणक

लग्नाच्या बुफेत आइस्क्रीमचा कप हातात धरून, ते वितळून कोमट व्हायची वाट बघत उभा असलेला माणूस दिसला की समजावं, हे अण्णा. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक ऑफिसात असे एक अण्णा असतातच. त्यांचे दात शिवशिवतात. गार पाण्याने सणक, चहाने सणक, कैरीच्या लोणच्याने सणक, आणि जानेवारीत तोंड उघडून श्वास घेतला तरी सणक. म्हणून अण्णा हिवाळ्यात हसत नाहीत. उन्हाळ्यात का हसत नाहीत, ते वहिनींना विचारावं.

दुखणं जुनं झालं की माणूस त्यातला जाणकार होतो. अण्णांनी दातांना आजवर सगळं लावून पाहिलंय, फक्त डॉक्टरचा हात तेवढा लागू दिलेला नाही. तुरटीच्या गुळण्या झाल्या. तेल-मीठ झालं. नातवाने मागवलेली कोळशाची काळी पेस्ट झाली. गावाहून आलेली मिश्रीही झाली. ती म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण अण्णा चारचौघांत तिला ‘आपली देशी पूड’ म्हणतात. लवंगतेलाचा बोळा तर खिशातच असतो. लवंगेतल्या युजेनॉलने दात बधिर होतो हे खरं, पण बधिरपणा उतरला की सणक पुन्हा हजर. तेवढ्या अर्ध्या तासाच्या भांडवलावर अण्णा जिन्यात भेटेल त्याला लवंग सुचवतात. ज्याचे दात ठणठणीत आहेत त्यालाही.

‘सेन्सिटिव्ह’वाली पेस्टही झाली. चार दिवस. पाचव्या दिवशी ‘निव्वळ लूट आहे’ असा निकाल लागला. त्या पेस्टमधलं पोटॅशियम नायट्रेट नस शांत करतं, पण रोज दोनदा लावून दोन ते चार आठवडे वाट बघावी लागते. अण्णांनी चष्मा लावून नळीवरची फक्त किंमत वाचली होती.

शेवटी वहिनींनी परस्पर अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टर तिशीची मुलगी. तिने त्या दातावर हवेची बारीक फुंकर मारली मात्र, अण्णा खुर्चीतून वीतभर उचलले गेले.

“काका, ब्रश कसा करता, दाखवा बरं.”

अण्णांनी हवेत असा आडवा हात चालवला की पितळेची कळशी असती तर लखलखली असती. वर अभिमानाने सांगितलं, “पाच मिनिटं. हार्ड ब्रश. दर महिन्याला नवा लागतो.”

“उजव्या हाताने ना? म्हणून डावीकडे जास्त झिजलेत.”

अण्णा दिपलेच. हे त्यांना थेट ज्योतिषच वाटलं. मग तिने आरसा दिला. डावीकडे सुळ्यापासून मागे, हिरडीच्या कडेला, पाचरीच्या आकाराच्या खाचा पडलेल्या. दाताचं वरचं कवच निघालं की आतलं दंतिन उघडं पडतं, तिने समजावलं. त्यात केसाहून बारीक नळ्या, नळ्यांत पाणी. गार किंवा वारा लागला की ते पाणी हलतं आणि आतली नस कळवळते.

“म्हणजे मी घासून घासून...”

“हो काका. आणि तो कोळसाही.”

खाचा भरल्या गेल्या. बाकीच्या दातांवर फ्लोराइडचं वार्निश लावायचं ठरलं. “वार्निश दारांना लावतात,” अण्णा म्हणाले, पण तोंडात कापूस असल्याने ते कुणाला कळलं नाही. सूचनाही मिळाल्या: ब्रश मऊ, हात हलका. पेस्ट थुंकून टाकायची, पण नंतर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर औषध बेसिनमध्ये जातं. कोकम किंवा लिंबू सरबत घेतल्यावर लगेच दात घासायचे नाहीत, अर्धा-एक तास जाऊ द्यायचा. आंबटाने कवच तेवढ्यापुरतं नरम पडलेलं असतं.

“रूट कॅनल?” अण्णांनी आशेने विचारलं.

“नाही हो, गरजच नाही.”

अण्णांचा चेहरा पडला. संध्याकाळच्या कट्ट्यावर एकाचं रूट कॅनल, दुसऱ्याच्या दोन कॅप, तिसऱ्याचा तर इम्प्लांट. त्यात आपली नुसती खाच सांगायची कुणाला? कट्ट्यावर त्यांनी मग ‘दंतिनाचा विकार’ असं सांगितलं. दोघांनी काळजीने घरी फोन केला.

सणक आता बरीच कमी आहे. त्याचं श्रेय अण्णा लवंगेला देतात. वहिनींनी आणलेला मऊ ब्रश त्यांनी अंगठ्यावर फिरवून पाहिला, “याने काय घासलं जाणार?” म्हणाले, आणि देवघरात नेऊन ठेवला. चांदीच्या बाळकृष्णाला हल्ली तोच वापरतात, ओरखडे पडू नयेत म्हणून.