टक्क्यांत न बसणारं

आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजतात. 2016 च्या कायद्यात प्रकार 21. 40 टक्के भरलं की माणूस सवलतींना पात्र. समोरच्याचं मात्र कुणी मोजत नाही. हॉटेलातला वेटर व्हीलचेअरवरच्या बाईंना ओलांडून भाच्याला विचारतो, ‘मावशी काय घेतील?’ मावशी बँकेतल्या निवृत्त अधिकारी. मेनूकार्ड त्यांच्याच हातात. रस्त्यात कुणीतरी न विचारता खुर्ची ढकलतो आणि वर ‘बिच्चारी!’ म्हणून पुण्यही पदरात पाडून घेतो. रॅम्प आहे, पण त्यावर दुचाकी विसावल्यात. ‘दिव्यांग’ म्हणायला आपण चटकन शिकलो; शब्दाला पैसे पडत नाहीत. आता या सहृदय मंडळींनाही एकदा वैद्यकीय मंडळापुढे रांगेत बसवावं. प्रमाणपत्रावर शेरा: दया 100 टक्के, आदर 40 च्या आत. सवलतीस अपात्र.