सुपीरियरकाठी वसंतसेवन : प्रवाशांस काही सूचना

ज्यांची मुले नोकरीनिमित्त अमेरिकेतील मिनेसोटा प्रांती स्थायिक झाली आहेत आणि जे स्वतः पुण्यानागपूरचा उन्हाळा चुकवून एप्रिल-मे महिन्यांत तेथे मुक्कामास जाणार आहेत, अशा वडीलधाऱ्या मंडळींना सुपीरियर सरोवराच्या उत्तर तीरावरील वसंत ऋतूचा यथाशास्त्र उपभोग कसा घ्यावा हे सांगणारे कोणी नसल्यामुळे पहिल्याच फेरीत फार क्लेश सोसावे लागतात. त्या उणिवेची अल्पशी भरपाई व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, आपल्याकडे वसंताला ऋतुराज म्हणण्याचा प्रघात असला, तरी डुलुथ शहरापासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंतच्या मुलखात तो केवळ एक उमेदवार असतो. हिवाळ्याची मुदत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कागदोपत्री संपते खरी. परंतु हा जुना अंमलदार दप्तर नव्या इसमाच्या हवाली करण्यास सहसा राजी होत नाही, आज किल्ल्या देतो, उद्या परत मागतो, आणि झाडांना पालवी फुटण्याच्या बेतात असताना बर्फाचा ताजा हुकूम काढून मोकळा होतो. २०१४ साली तर जून उजाडल्यावरही सरोवरात हिमखंड तरंगत होते. सबब, वसंताचे आगमन झाले किंवा कसे, याचा निवाडा हवेवरून न करता स्थानिक रहिवाशांच्या पोशाखावरून करावा : पारा गोठणबिंदूच्या आठदहा अंश वर चढला की तेथील तरुण अर्ध्या विजारीत हिंडू लागतात. पाहुण्याने त्यांचे कौतुक अवश्य करावे. अनुकरण करू नये.

या सर्व दिरंगाईचे मूळ खुद्द सरोवरात आहे. सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर पसरलेले आणि सर्वांत खोल जागी ४०६ मीटर खोल असलेले हे पाणी तापावयास एखाददुसरा महिना पुरत नाही, आणि पूर्वेचा वारा सुटला की त्याचा गारठा थेट डुलुथच्या उतारावर चढतो. त्यामुळे टेकडीवर सदऱ्याच्या बाह्या सारून निघालेला मनुष्य तीरावर पोचेपर्यंत कानटोपी शोधू लागतो. अशा वेळी ‘वर तर चांगले ऊन होते’ असे उद्गार काढू नयेत. ते सर्वांना ठाऊक असते.

तीरावर पोचल्यानंतरची सर्वमान्य करमणूक म्हणजे उभे राहणे. सरोवराच्या दुसऱ्या, पूर्वेकडील टोकाच्या सू लॉक्स येथील जलद्वारे मार्चच्या २५ तारखेस उघडली की लोहखनिज वाहणारी, तीनतीनशे मीटर लांबीची जहाजे पुन्हा ये-जा करू लागतात, आणि डुलुथ बंदराच्या तोंडाशी १९०५ साली बांधलेला पूल, जो पुढे उचलता पूल करण्यात आला, त्यांच्यासाठी सबंधच्या सबंध वर जातो. जहाज भोंगा देते, पूल त्याला भोंग्यानेच उत्तर देतो, आणि काठावरील गर्दी नाके पुसत समाधान पावते. माझ्या मते उत्तरेकडील सर्व विहारांत हाच श्रेष्ठ होय, कारण त्यात कोणतेही कौशल्य लागत नाही.

ज्यांना चालण्याची हौस आहे त्यांनी गूजबेरी धबधबा पाहावा. बर्फ वितळून आलेले पाणी दलदलीतील पाल्याच्या अर्कामुळे कोऱ्या चहाच्या वर्णाचे असते, आणि पाण्याचा तो धिंगाणा पुढे उन्हाळ्यात पाहावयास मिळत नाही. पायवाटेवर मात्र चिखल असतो. तेथील शिष्टाचार असा की, चिखल टाळण्यासाठी कडेने वळसा घेतल्यास वाट रुंदावून वनस्पतींचे नुकसान होते. म्हणून सभ्य गृहस्थाने चिखलाच्या बरोबर मध्यातून जावे. ज्याचे बूट स्वच्छ राहिले, तो निसर्गप्रेमी नव्हे असे खुशाल समजावे.

एप्रिल सरता सरता स्मेल्ट नावाची बोटभर मासोळी अंडी घालण्यासाठी ओढ्यांच्या मुखाशी येते, आणि तीही रात्री. ही मूळची अटलांटिक महासागराकडची. माणसाने ती मिशिगनमध्ये सोडली आणि ती आपल्या मर्जीने सुपीरियरपर्यंत पसरली. १९६० नंतरच्या दशकांत जाळी भरभरून निघत असत. हल्ली ती बरकत नाही, तरी कमरेपर्यंत बर्फगार पाण्यात उभे राहणारे भाविक आहेतच. पहिल्या मासोळीचे डोके दातांनी तोडावे अशी एक रूढी आहे. मालवणकडच्या पाहुण्याने या विधीपासून नम्रपणे दूर राहून तळण्याच्या कामी आपले वजन खर्च करावे. ताज्या स्मेल्टला काकडीचा वास येतो, याने विचलित होऊ नये.

मेच्या मध्यास वॉलाय माशाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि १९४८ पासून चालत आलेल्या प्रथेनुसार खुद्द गव्हर्नर गळ घेऊन होडीत बसतात. एकांतप्रिय मंडळींनी बाउंडरी वॉटर्सच्या अरण्यात वल्ह्याच्या होडीने जावे. तेथे १ मे ते ३० सप्टेंबर या मुदतीत प्रवेशाचे परवाने मोजकेच निघतात आणि त्यांच्या आगाऊ नोंदणीस जानेवारीच्या अखेरच्या बुधवारी प्रारंभ होतो. म्हणजे वसंतविहाराची दरखास्त शेगडीपाशी बसून करावयाची. एका जथ्यात नवाहून अधिक माणसे चालत नाहीत, तेव्हा व्याही व विहीणबाईंना घेऊन जाण्याचा बेत आधीच छाटावा. खाद्यपेयांसाठी डबाबंद टिन व काचेच्या बाटल्या यांस मनाई आहे. लोणच्याची बरणी कितीही जिवाभावाची असली तरी तिची कैफियत ऐकली जाणार नाही. लोणचे प्लॅस्टिकच्या डब्यात भरावे आणि डबा परत आणावा.

हवा खरोखरीच सुखद झाली की, काळ्या माश्या निघतात. त्यांच्या अळ्या स्वच्छ, वाहत्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे त्यांचा दंश हा त्या प्रदेशाच्या जलशुद्धतेचा दाखला मानण्यात येतो, आणि तो कपाळावर व कानामागे उमटवून देण्यात येतो. त्यापाठोपाठ डासांचा अंमल सुरू होतो. गवतातील गोचीड लाइम रोग देते. तिच्या बाबतीत मात्र थट्टा न करता लांब विजार मोज्यांत खोचावी व रात्री अंग तपासावे.

जूनमध्ये तीरावर लायलॅक फुलतो, आणि बहुधा त्याच सुमारास परतीच्या विमानाचे तिकीट असते. पुण्याच्या आप्तेष्टांना छायाचित्र धाडावयाचे ते या फुलांचे. मुखमंडलाचे छायाचित्र सूज उतरेपर्यंत धाडू नये.